सील अक्का

पाण्याची नवी बाटली हातात आली की आमच्या सील अक्का ती आधी कानाजवळ नेत. झाकण फिरवताना 'कट्' असा आवाज आला तरच घोट घेत. नाही आला तर बाटली टेबलावर तशीच ठेवून देत आणि तहानलेल्या बसत. मिठाईचा डबा आला की दोऱ्याची गाठ बघत, औषधाच्या पाकिटाची कड बोटानं चाचपत. एकदा कुरियरवाल्यानं आणलेलं खोकं त्यांनी दारातच अडवलं, कारण चिकटपट्टीवर दुसरी चिकटपट्टी होती. तो म्हणाला, "अक्का, आत तुमचंच सामान आहे." अक्का म्हणाल्या, "असेल. माझ्या आधी कुणी बघितलं ते सांग, मग घेते." त्यानं हात जोडले आणि खोकं घेऊन जिना उतरला.

'सील अक्का' हे नाव ऑफिसातल्या तमिळ पोरांनी ठेवलं होतं. अक्कांना ते ठाऊक होतं. राग नव्हता. "ठेवलंत नाव ते कामाचं तरी ठेवलंत," असं म्हणत आणि आपल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसत. उंची बेताची, कपाळावर मोठं कुंकू, सुती नऊवारी नव्हे, साधी सहावारीच, आणि समोर संगणकाचे दोन पडदे. अशी बाई आयफोन-आयपॅडची ॲप्स करते हे आमच्या जिन्यावर येणाऱ्या नव्या माणसाला पहिल्यांदा पटत नसे.

आमचं ऑफिस तंजावरच्या राजवीथीत, एका कापडदुकानाच्या वर. खाली साड्या उलगडत, वर आम्ही काम करत असू. अक्कांनी चेन्नई आणि बेंगळुरूच्या मोठ्या ऑफिसांत बरीच वर्षं काढली होती. सासूबाईंनी अंथरूण धरलं तेव्हा त्या तंजावरला परत आल्या आणि आमच्यासारख्यांचं भाग्य म्हणून या छोट्या ऑफिसात लागल्या.

मी पापनाशमची. स्टेशनकडच्या रस्त्यावर वडिलांचं शिंप्याचं दुकान. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बारावीपर्यंत सगळं तमिळमधून, इंजिनियरिंगला इंग्रजी कशीबशी रेटलेली. नोकरीच्या पहिल्या दिवशी सकाळपासून मी मोडक्या इंग्रजीत 'येस सर, येस मॅडम' करत होते. दुपारी आईचा फोन आला. मी कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात, आमच्या घरच्या मराठीत म्हटलं, "जेवले गं आई. होय, दहीभात. नाही, कुणी रागे भरलं नाही." मागून आवाज आला, "अगो, आपल्यातली काय तू? मग सकाळपासून इंग्रजीत कशास मरत होतीस?"

त्या दिवसापासून मला ऑफिसात श्वास घेता येऊ लागला.

मी इथे लिहिते आहे ती पुस्तकी मराठी. अक्कांचं बोलणं असं नव्हतं. ते आमचं, पिढ्यान्पिढ्या तंजावरकडे राहिलेल्या मराठी लोकांचं बोलणं, जुने शब्द, तमिळ हेल, मध्येच 'सेरी' म्हणजे 'बरं', मध्येच 'अय्यो'. तो हेल कागदावर उतरत नाही, म्हणून मी तो बराचसा सोडून दिला आहे. शाळेत हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळे मला देवनागरी अक्षरं येत होती, पण त्या अक्षरांत आपली भाषाही वाचता येते हे मला अक्कांनी दाखवलं. त्यांच्याकडची मराठी पुस्तकं मी एकेक करून नेली. अडलेला शब्द विचारला की त्या म्हणत, "हा आपल्याकडे नाही. तिकडचा आहे. घेऊन ठेव, लागेल."

आम्ही ॲप्स लिहितो ती भाषा स्विफ्ट; तिचं पॅकेज म्हणजे काय, हेही त्यांनीच जेवणाच्या वेळी सांगितलं, हातात लिंबूभाताचा घास धरून. "हे बघ शांते, आपण सगळंच घरी करत नाही. कामाचे काही तुकडे दुसऱ्यांकडून आणतो. काही लोक आपल्याला कृती देतात. किती धने, किती मिरच्या, कसं भाजायचं. आपण आपल्या चुलीवर भाजतो. तो झाला सोर्स कोड. काही लोक कृती देत नाहीत, त्यांचं पोट त्या कृतीवर चालतं. ते तयार कुटलेली पोडी देतात, डबा बंद करून. ती झाली बायनरी."

"मग आत काय आहे ते कसं कळणार?" मी विचारलं.

"नाही कळत. म्हणून तर डबा तोच आहे का, एवढं तरी बघायचं."

पॅकेजच्या फाईलमध्ये अशा प्रत्येक बंद डब्यासाठी काही ओळी असतात. डब्याचं नाव, तो जिथून उतरवायचा तो इंटरनेटवरचा पत्ता आणि चेकसम. चेकसम म्हणजे त्या झिप फाईलवरून काढलेला एक लांबलचक आकडा, मध्ये मध्ये ए ते एफ ही अक्षरं. आतला एक दाणा इकडचा तिकडे झाला तरी सगळा आकडा बदलतो. नवं यंत्र डबा उतरवतं, स्वतः आकडा काढतं, लिहिलेल्याशी ताडून बघतं आणि जुळला नाही तर तिथेच थांबतं. अक्कांना ही रचना फार आवडे. "बघ, बाटलीचं झाकण कानाशी न्यायला माणूस नको. तेच बघतंय," असं त्या एखाद्या गुणी सुनेबद्दल बोलावं तसं बोलत.

पण तो आकडा पॅकेजमध्ये लिहायचा तर तो आणायचा कुठून? डबा ज्या पानावरून उतरवला त्याच पानावर बहुतेक जण आकडाही देतात. अक्कांना ते चालत नसे. "डबा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं आलेला आकडा काय कामाचा? वाटेत कुणी डबा बदलला तर आकडा बदलायला त्याला किती वेळ?" त्या डबा करणाऱ्या माणसाला फोन करत आणि त्याच्या तोंडून आकडा घेत. फोनवर बी आणि डी सारखेच ऐकू येतात, म्हणून त्यांनी अक्षरांना खाण्याची नावं दिली होती. ए अप्पम, बी बोळी, सी चटणी, डी डांगर, ई इडियाप्पम, एफ फिल्टर कॉफी. पलीकडचा माणूस वाचे, अक्का मोठ्यानं म्हणत, मी टाईप करत असे. नंतर मी उलट वाचून दाखवायचं.

एकदा बेंगळुरूहून आलेले एक पाहुणे दाराशीच थबकले. आत मी ओरडत होते, "चार, बोळी, बोळी, नऊ, डांगर, अप्पम!" पाहुणे आमच्या मुरुगेसन सरांना म्हणाले, "तुमच्याकडे टिफिनची सोय चांगली दिसते." सर ओशाळले. अक्का पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "चांगलीच आहे. फक्त एक बोळी चुकली की सगळे उपाशी."

मुरुगेसन सर म्हणजे ऑफिसचे मालक. मनानं भले, पण घाईचे. जिना चढतानाच ते पुढच्या कामाचं बोलायला लागत. अक्कांचं आणि त्यांचं रोज वाजे आणि रोज मिटे. सर म्हणत, "अक्का, तुमच्यामुळे आपण कासव झालोय." अक्का म्हणत, "सर, कासवाचं कवच कधी परत मागवावं लागलं नाही." सर हसत आणि खाली जाऊन सगळ्यांसाठी कॉफी सांगून येत.

मी स्वतः पहिला डबा बांधला तो असा. आमच्याच एका लायब्ररीची बायनरी करून पॅकेजला जोडायची होती. मी मोठ्या हौसेनं सगळं एका फोल्डरमध्ये नीट ठेवलं, फोल्डरला छान नाव दिलं आणि त्याची झिप केली. पॅकेजला आत काही सापडेचना. मी घामाघूम. अक्कांनी झिप उघडून बघितली आणि हसू लागल्या. "अगो, डब्यात डबा घातलास! झाकण उघडल्यावर त्याला आधी लायब्ररीच दिसली पाहिजे, मधे तुझं फोल्डर कशास? लग्नाच्या ताटावर झाकलेल्या रुमालासारखं काम करलंस." मी ओशाळले. त्यांनी माझ्यापुढे बसून ते पुन्हा माझ्याच हातानं करून घेतलं. माउसला त्यांनी हात लावला नाही. शिकवताना त्या दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसत, आपल्याला राहवणार नाही या भीतीनं.

त्यांची आणखी एक सवय होती. बाहेरून आलेल्या झिपची पहिली प्रत त्या कधी उघडत नसत. ती जशी आली तशी एका वेगळ्या डिस्कवर ठेवून देत आणि बघायचं ते दुसऱ्या प्रतीत बघत. पोरं त्या डिस्कला 'लोणच्याची बरणी' म्हणत. आणि नवी आवृत्ती आली की नवं नाव, हा त्यांचा नियम. "नाव तेच ठेवून आतलं बदलू नये," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की ते मला स्वतःचंच वाटायला लागलं होतं.

मग ते कानाचं काम आलं.

त्रिभुज प्रदेशातल्या गावांत फिरून तान्ह्या मुलांची तपासणी करणारी एक संस्था होती. बाळ झोपलेलं असताना त्याच्या कानात एक लहानसा प्रोब ठेवायचा. प्रोब बारीक आवाज सोडतो. कान चांगला असेल तर आतून अगदी सूक्ष्म प्रतिध्वनी परत येतो, तो प्रोबमधला माईक टिपतो. आयपॅडवर दोनच उत्तरं, 'ठीक' किंवा 'पुन्हा तपासा'. ॲप आम्ही करत होतो, पण प्रतिध्वनी ओळखण्याची आकडेमोड प्रोब बनवणाऱ्या कोयंबतूरच्या एका छोट्या कंपनीची होती. ती त्यांनी बंद डब्यातच दिली. तिथला सेल्वम नावाचा तरुण इंजिनियर फोनवर अप्पम-बोळी वाचायला लवकरच शिकला. चेकसम माझ्या हातानं पॅकेजमध्ये गेला, अक्कांनी मला तो परत वाचायला लावला आणि झिप बरणीत गेली.

त्याच दिवसांत माझी धाकटी बहीण सरोजा काळजीत होती. तिला पापनाशमच्या पुढच्या एका गावात दिलेलं. तिचा तान्हा किट्टू बसायला लागला होता, हसत होता, दूध पीत होता, पण ताटली पडली तरी वळून बघत नव्हता. सरोजाची सासू म्हणे, "आमच्याकडची पोरं उशिराच वळतात." नवरा भला, पण तोही म्हणे, "हसरं पोर दवाखान्यात नेऊन काय सांगायचं?" शेवटी घरात असं ठरलं, की ओरत्तनाडुला संस्थेचं पहिलं शिबिर आहे, तिथे न्यायचं. मशीन 'ठीक' म्हणालं तर विषय संपला, कुणी परत काढायचा नाही. 'पुन्हा तपासा' म्हणालं तर तंजावरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. सरोजा मला फोनवर म्हणाली, "तुझ्या मशीनवर सगळं आहे बघ." मी म्हटलं, "माझं कुठलं, कंपनीचं आहे." पण रात्री ते वाक्य छातीवर बसायचं.

शिबिराच्या आदल्या दिवशीची दुपार. शेवटचं बिल्ड, म्हणजे सगळे तुकडे जोडून ॲप तयार करणं, अक्का कुणाच्याही रोजच्या यंत्रावर करू देत नसत. कोपऱ्यात एक मॅक होता. त्यावर आधीचं काही ठेवायचं नाही, सगळं नव्यानं उतरवायचं, मगच बिल्ड. त्या मॅकनं सेल्वमचा डबा उतरवला आणि तो थांबला. पडद्यावर लाल ओळ आली. उतरवलेल्या फाईलचा चेकसम हा, पॅकेजमध्ये लिहिलेला तो, जुळत नाहीत.

मुरुगेसन सर मागे येऊन उभे राहिले. "हे तर सोपं आहे. बरोबर आकडा कुठला ते यंत्रानंच सांगितलंय. तो उचला आणि तिथे टाका. कॉफी निवायच्या आत काम होईल."

अक्का म्हणाल्या, "सर, दारावरचा माणूस सांगतोय, आलेला पाहुणा ओळखीचा नाही. तुम्ही म्हणता, मग त्याचाच फोटो ओळखीच्यांत लावून टाक."

"उद्या शिबिर आहे अक्का! संस्थेच्या नर्सबाई संध्याकाळी आयपॅड न्यायला येणार."

"मग संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

मी म्हटलं, "अक्का, माझ्या यंत्रावर बिल्ड होतंय. तिथून करू?"

"तुझ्याकडे मागे उतरवलेला डबा आहे, तिकडे आता दुसरा ठेवलाय. कशास बदलला? जुन्यात काही चूक होती म्हणून? का नव्यात कुणी काही घातलंय? मला ठाऊक नाही. तुला आहे?"

मला नव्हतं. मी खाली बघत म्हटलं, "उद्या सरोजा किट्टूला आणणार आहे."

अक्कांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांचा आवाज खाली आला. "म्हणून तर, शांते."

सेल्वम फोन उचलेना. तो कुणाच्या तरी गृहप्रवेशाला गेला होता. सर येरझाऱ्या घालत होते. अक्का पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होत्या. शेवटी फोन लागला, तेव्हा पलीकडून नादस्वरम ऐकू येत होतं आणि त्यातून सेल्वमचा आनंदी आवाज. अक्कांनी स्पीकर लावला.

"वणक्कम अक्का! होय, मीच बदललं. नव्या प्रोबसाठी आकडेमोड सुधारली ना! पत्ता बदलला असता तर तुम्हाला पॅकेज उघडून बसावं लागलं असतं. तुम्हाला उगीच त्रास नको म्हणून नाव तेच ठेवलं."

अक्कांनी डोळे मिटले. "सेल्वम, तुझं मन सोन्यासारखं आहे. आता एक सांग. हे नवं जुन्या प्रोबवर चालेल?"

नादस्वरम वाजत राहिलं. मग सेल्वम सावकाश म्हणाला, "जुन्यावर नाही अक्का. जुन्याचा माईक जास्त आवाज धरतो. खोलीतली कुजबुज पण कानाचा प्रतिध्वनी समजेल."

"म्हणजे ज्या बाळाला ऐकू येत नाही, त्याला काय सांगेल?"

"'ठीक' सांगेल," सेल्वम म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला.

खाली दुकानात कुणीतरी साडीचे भाव सांगत होतं. मुरुगेसन सरांनी हातातली कॉफी न पिता खिडकीत ठेवली.

संस्थेकडे कुठले प्रोब आहेत? मी नर्सबाईंना फोन लावला. जुने करडे, नवे निळे, असं सेल्वमनं सांगितलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, "आमचे करडे. का हो?" मी म्हटलं, "काही नाही बाई, बरं झालं विचारलं."

सेल्वम गृहप्रवेश सोडून धावला आणि त्यानं जुनी फाईल जागेवर परत ठेवली. आम्ही उतरवली. आकडा तरीही जुळेना, तिसराच आला. सर डोकं धरून म्हणाले, "आता हे काय!"

"घाईत त्यानं परत झिप केली असेल. माल तोच, पण गाठ नव्यानं मारली, की आकडा बदलतो," अक्का म्हणाल्या.

"माल तोच आहे ना? मग चालेल की!"

"तोच असेल, म्हटलं सर. तोच आहे असं कुठे म्हटलं?"

आणि अक्का उठून लोणच्याची बरणी घेऊन आल्या. डिस्क जोडली. सेल्वमनं पहिल्यांदा पाठवलेली झिप तिथे जशीच्या तशी होती. त्यांनी तिचा आकडा काढायला लावला. मी पॅकेजमधला आकडा वाचत होते, त्या पडद्यावरचा बघत मान हलवत होत्या. अप्पम, सात, डांगर, दोन, कॉफी. मुरुगेसन सरही ओठातल्या ओठात म्हणत होते. शेवटचं अक्षर इडियाप्पम. अक्का म्हणाल्या, "सेरी."

ती झिप त्यांनी इंटरनेटवरच्या आमच्या ऑफिसच्याच जागेवर चढवली. पॅकेजमध्ये फक्त पत्त्याची ओळ बदलली, आकड्याला हात लावला नाही. कोपऱ्यातल्या मॅकनं डबा उतरवला, ताडला आणि मुकाट्यानं पुढे गेला. अक्का म्हणाल्या, "पत्ता बदलला, माल तोच. आपल्या लोकांसारखंच." मी खूप दिवसांनी मोठ्यानं हसले.

मग तपासणी. नर्सबाईंनी आणलेला करडा प्रोब मुरुगेसन सरांनी स्वतःच्या कानात घालून घेतला आणि श्वास रोखून बसले. आयपॅड म्हणाला, 'ठीक'. अक्कांनी प्रोब कॉफीच्या रिकाम्या पेल्यात ठेवला आणि वरून रुमाल दाबला. आयपॅड म्हणाला, 'पुन्हा तपासा'. "पेल्याला ऐकू येत नाही," अक्का म्हणाल्या. "खरं बोलतंय. आता द्या नर्सबाईंना."

शनिवारी अक्का रजा टाकून बसनं ओरत्तनाडुला आल्या. मी बोलावलं नव्हतं. छत्रमजवळच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेजवळच्या शाळेत शिबिर होतं. वर्गात बाकं भिंतीला लावून सतरंज्या घातलेल्या, आया पोरांना थोपटत बसलेल्या. किट्टू सरोजाच्या मांडीवर झोपला. नर्सबाईंनी प्रोब ठेवला. डावा कान, 'पुन्हा तपासा'. उजवा कान, 'पुन्हा तपासा'. परत करून बघितलं, परत तेच.

सरोजाचा चेहरा बघवेना. तिचा नवरा म्हणाला, "मशीन चुकत असेल." मी काही बोलायच्या आत अक्का सरोजाशेजारी सतरंजीवर बसल्या. "नाही राजा, चुकत नाही. मी खात्री करून आले. जे आहे ते त्यानं सांगटलं. 'ठीक' म्हणालं असतं तर तुम्ही घरी जाऊन निवांत बसला असता, आणि पोराचं वर्ष गेलं असतं. आता दवाखान्यात जायचं. रडायचं ते वाटेत रड, पण आज जा." सरोजाच्या नवऱ्यानं झोपलेल्या किट्टूला उचलून घेतलं. मग म्हणाला, "सेरी अक्का."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलंय. नस चांगली आहे. औषध आणि जरूर पडली तर छोटंसं ऑपरेशन. "बरं केलंत, वेळेवर आणलंत," असं ते म्हणाले. आईनं ते वाक्य पापनाशममध्ये घरोघरी जाऊन सांगितलं.

पुढच्या आठवड्यात, सरोजाला विचारून, अक्कांनी किट्टूच्या तपासणीचा साठवलेला आवाज सेल्वमनं बदललेल्या त्या आकडेमोडीतून घालून बघितला. पडद्यावर हिरवं 'ठीक' उमटलं. डावा ठीक, उजवा ठीक. मग अक्का उठून तोंडावर पाणी मारून आल्या. सेल्वमला मात्र त्या कधी टाकून बोलल्या नाहीत. त्यानंच स्वतः फोन करून सांगितलं, "अक्का, आता प्रत्येक डब्याला नवं नाव देतो. तुम्हाला त्रास होऊ दे."

वर्षाच्या आतच अक्कांच्या सासूबाई गेल्या. तंजावरला थांबायचं कारण उरलं नाही. मुलगा होसूरला, नातवंडं तिकडे. निरोपाच्या दिवशी मुरुगेसन सरांना भाषण करायचं होतं, पण दोन वाक्यांतच ते थांबले आणि कॉफी सांगायला खाली गेले. अक्कांनी लोणच्याची बरणी माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही नसताना अशी घाई परत आली तर?"

"येणार की. रोज येते ती. तिला खुर्ची दे, कॉफी दे, बसव. आणि तोवर तू फोन लाव."

मी तेच करते. घाई आली की हात फोनकडे जातो. कोपऱ्यातल्या मॅकवर आता मी बिल्ड करते. कधी लाल ओळ आली तर ऑफिसातलं कुणी तो नवा आकडा उचला म्हणत नाही. मुरुगेसन सर तर मुळीच नाही.

किट्टूची पुढची तपासणी परवा झाली. औषधं झाली होती, ऑपरेशनही झालं होतं. सरोजानं दवाखान्याच्या दाराबाहेर थांबून माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या. आतून डॉक्टर किट्टूला घेऊन आले आणि म्हणाले, "दोन्ही कान स्वच्छ." सरोजा तिथेच पायरीवर बसली आणि हसत-रडत म्हणाली, "अक्कांना लाव. आधी अक्कांना लाव."

मी होसूरला फोन लावला आणि तो किट्टूच्या उजव्या कानाशी धरला. पलीकडून आवाज आला, "कोण रे तिकडे? माझा राजा काय?" किट्टूचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं माझ्या हातातून फोन ओढला, दोन्ही मुठींत धरला आणि कानाशी दाबला.

"अगो शांते," अक्का फोनच्या आतून विचारत होत्या, "ऐकतोय काय तो? अगो, कुणी सांगा की मला!"

आम्ही सांगणार कसं? तो फोन सोडायलाच तयार नव्हता.